रापलेल्या मानसाचा माग

आमची वाट जुनीच. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन निघायचं, मायनी, कडेगाव, कराड, पाटन करत कोयनंच्या अंगाला जायाचं, आन पाऊस लागायच्या आदी माघारी माणात यायाचं. लगीन हून आले त्या सालापास्नं चाळीस वरसं तरी मी ही वाट पायी केली. औंदा फागनात तीच वाट एस्टीनं केली. तीन दिसात झाली. संगं माझी नणंद व्हती, ठकू वन्सं. मेंढरं नव्हती. आमी दोगी म्हाताऱ्या आमच्या मालकास्नी हुडकाय निघालो व्हतो.

मालक म्हंजी माझा नवरा. पंच्याहत्तरीच्या पुढं गेल्यालं. दोन सालामागं मेंढरं इकली, तवापास्नं त्यांचं डोकं जागंवर न्हाई. मेंढरं कोंडायची जाळी असती, तिला आमी वाघर म्हनतो. ती सांजंला अंगनात बांधायची, सकाळी सोडायची. आत एक बी मेंढरू नसायचं. मी काय बोलायची न्हाई. मानसाचा हात रिकामा ऱ्हायला की वाईट.

कार्तिकात एका सकाळी मी शेळीला पाला आनाय गेले. आले तर खुटीवरचं घोंगडं न्हाई, काठी न्हाई, मालक न्हाईत.

पोरगा तिकडं मद्रासच्या अंगाला सोनं गाळायच्या दुकानात कामाला हाय, त्यो आला. म्हसवड, आटपाडी, सगळं पै-पाहुनं हुडाकलं. पंधरा दिसांनी त्येला परत जावं लागलं. त्यो गेला आन मला चिकनगुन्या झाला, हातापायाचं सांधं धरलं. भितीला धरून मोरीपातूर जायाची. फागनात पाय जरा चालाय लागलं, तवा आमी दोगी ऱ्हायल्याली जुनी वाट बगाय निघालो.

पोलीस ठान्यात मातर मीच गेले व्हते, पयल्याच दिवशी, वन्संला घिऊन. हवालदार चांगला मानूस. नाव इचारलं, ते मी घेत न्हाई, वन्संनी सांगितलं, बिरू. वय सांगितलं. मग वन्सं मिसरी थुकाय भाईर गेल्या. हवालदारानं वर न बगताच इचारलं, "रंग?"

मी म्हनलं, "गोरा."

त्यानं लिवलं. मला त्यात काय वावगं वाटलं न्हाई. दर दिवाळीला त्यांची पाठ मी चोळायची. बंडी काढली की आत उटन्यासारखा रंग. हवालदारानं इचारलं तवा मला तीच पाठ दिसली. जे दिसलं ते सांगितलं.

कडेगाव

मोतीबिंदूच्या डोळ्यानं जेवढं दिसतंय तेवढं सांगती. माणात फागनात हिरवं म्हनून बाभळ दिसती, ती बी धुळीनं माखल्याली. कडेगावच्या शिवंत एस्टी शिरली की दोनी बाजूनी ऊसच ऊस. पाटाला पानी. आमच्याकडं टँकरच्या मागं बाया घागरी घिऊन पळत्यात, आन हितं पानी आपलं आपून चाललंय, कुनी त्याच्याकडं बगत बी न्हाई. रानात बाया भांगलत व्हत्या. लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट, तोंडाला फडकं गुंडाळल्यालं, डोळं तेवढं उगडं.

वन्सं म्हनल्या, "बग वैनी, ह्या कशा झाकून काम करत्याती. आपून येड्या."

"आपल्या डोक्यावर वझं असायचं," मी म्हनलं. "तोंडाला फडकं बांधाय हात कुटं रिकामा व्हता?"

कडेगावच्या पुढं एका मळ्यात आमी दर साली आठ-धा रात्री मेंढरं बसवायचो. रानाला खत व्हायाचं, आमाला जुंदळं मिळायचं. मळा तात्यांचा. तात्या पल्टनीतनं सुभेदार हून आल्यालं, मिशी अजून तशीच. आमाला बगून बाजंवरनं उटलं.

"आवं हौसाबाई! आन मेंढरं?"

मेंढरं इकल्याली त्यास्नी ठावंच नव्हतं. मी म्हनलं, "मेंढरं ऱ्हाऊद्या तात्या, मालक हिकडं आलं व्हतं का?"

"आला व्हता की! दिवाळी झाल्यावर. हिरीवर बसला. म्हनला, तात्या, औंदा कुटल्या तुकड्यात बसवायची? मी म्हनलं, मेंढरं कुटं हायती गड्या? तर मागं काठी करून म्हनला, येत्याती, हौसा घिऊन येतीया. जेवला, भाकरी बांधून घेतली आन गेला फुडं."

मी खाली बसले. हुडकाहुडकी सारी उगवतीकडं झाल्याली आन मालक मावळतीकडं, दर सालच्या वाटंनं गेलं व्हतं.

वन्सं तात्यावर घसरल्या. "मग धरून ठिवायचा न्हाई व्हय? मोबाईलवर सगळीकडं पोलिसांचा कागद धाडला व्हता माझ्या भाच्यानं!"

"आला व्हता की मोबाईलवर," तात्या म्हनलं. "सूनबाईनं वाचून दावला. नाव बिरू. आता तुमच्यात दर वाडीला चार बिरू. फोटू मतदान कार्डाचा, निम्मा काळा. आन रंग लिवल्याला गोरा. मी म्हनलं, ह्यो दुसराच कोन तरी. आपला बिरू तर तव्याच्या बुडावानी."

"गोरा?" वन्संनी माझ्याकडं बगितलं. "कुनी लिवाय लावलं गोरा?"

मी पदर सारखा कराय लागले.

"वैनी, तू? आगं सारी दुनिया त्येला काळ्या म्हनती! ल्हानपनी आई सुदीक काळ्याच म्हनायची!"

"तू भाऊ बगितलास," मी म्हनलं. "मी नवरा बगितला."

तात्यांची बायकू दारात ताक घिऊन हुबी व्हती. तिनं पदर तोंडाला लावला आन आत वळली. तात्या खाकरलं. मग उगंच इषय काढल्यावानी म्हनलं, "तसं काय चुकीचं न्हाई हौसाबाईंचं. आमास्नी राजस्थानात टाकलं व्हतं. वाळूतलं ऊन. सुट्टीवर आलो तर आईनं दारातच इचारलं, कोन पायजे? बनेल काढून दावली तवा पटलं तिला. तोंड निराळ्याचं आन अंग निराळ्याचं."

जेवाय वाढलं व्हतं. जुंदळ्याची भाकरी, वांग्याचं कालवान, वर दह्याची कवडी. असं दही आमच्याकडं सनाला बी न्हाई. मला दोन घासाच्या वर गेलं न्हाई. एकच डोक्यात, माझ्या एका शब्दापायी ह्या दारात आल्याला मानूस फुडं गेला. थंडीचं दिस व्हतं. कुटं पडला असंल, कुनी बगितला असंल आन म्हनलं असंल, ह्यो त्यो न्हवं.

वन्सं त्या दिवशी सांजपातूर माझ्याशी बोलल्या न्हाईत.

कराड

कराडच्या अलीकडं आमचा दुसरा मुक्काम असायचा, एका आमराईत. एस्टीतनं उतरून दोन कोस चाललो. आमराई न्हाई. तितं चार-चार मजली इमारती, गच्चीवर कापडं वाळत घातल्याली. दारावरचा राखन्या म्हनला, आजी, हितं आमराई व्हती हे मी पयल्यांदाच ऐकतुया.

माघारी येताना माझ्या चपलीचा अंगठा तुटला. अनवानी चालले डांबरावरनं. दुपार व्हती. मानसाला खोटं वाटंल, पन चाळीस वरसात माझ्या पायाला कवा फोड आला न्हवता. काटा मोडायचा, पायात जायाचा न्हाई. आन त्या दिवशी अर्द्या कोसात दोनी तळव्याला हे एवढं फोड. दोन साल घरात बसले, मेंढरामागं गेले न्हाई, तर कातडं लगीच इसरलं.

कराडच्या स्टँडवर फरशीवर बसून मी फोडाला पानी लावत व्हते. शेजारी एक पोरगी यून बसली. कालिजातली. डोक्यापास्नं मानंपातूर ओढनी गुंडाळल्याली, डोळ्याला काळा चष्मा, हातात कोपरापातूर मोजं. अंगाचा येक नखाएवढा भाग दिसंना.

वन्संला ऱ्हावलं न्हाई. "पोरी, तोंडाला काय झालंय गं तुज्या? भाजलं का?"

पोरगी हसली. ओढनी सोडली. चांगलं गोल तोंड, कुटं डाग न्हाई. "काही झालं नाही आज्जी. टॅन होतं म्हणून बांधते."

"ते काय असतंय?"

"उन्हानं काळं पडतं ना, ते."

"म्हंजी रापतंय म्हन की."

"हां, रापतं." ती नर्सिंगचं शिकत व्हती. माझा पाय बगितला, पिशवीतनं मलम काढून लावलं. वन्संनी इचारलं, "तू एवढं शिकतीस, मग मला सांग, उन्हानं मानूस काळं का पडतंय? कापड उन्हात टाकलं तर इटतंय, पांढरं पडतंय. मानूस उलटं कसं?"

पोरगी म्हनली, "कापड मेलेलं असतं आज्जी. कातडी जिती असते. ऊन आत शिरलं तर आतलं बिघडतं. म्हणून कातडीच काळा रंग तयार करते आणि वर पसरते. छत्री धरल्यासारखं. जेवढं ऊन जास्त, तेवढी छत्री काळी."

"मग चांगलंच की!" वन्सं म्हनल्या. "देवानं फुकाट छत्री दिली, आन तू ती झाकून ठिवतीस."

"लग्नाला बघायला येणाऱ्यांना सांगा की हे," पोरगी म्हनली, आन दोगी बी हसल्या. मी बी हसले असते. पन माझ्या डोळ्यापुढं मालक आलं. कुटं छत्री हाय आन कुटं न्हाई, ते मला सारं पाठ व्हतं. कपाळावर फेट्याच्या रेघंच्या वर पांढरं. मानंवर काळं, खाली बंडीच्या रेघंपास्नं गोरं. मनगटावर चांदीच्या कड्याखाली बोटभर गोरी पट्टी. सारं जग त्यांची छत्री वळखायचं. मी छत्रीच्या खालचं सांगून बसले.

मी त्या पोरीला सगळं सांगितलं. पोलीस ठान्यातलं बी सांगितलं. कुना परक्यापाशी मी असलं बोलले न्हवते. ती हसली न्हाई. तिनं मोबाईल काढला. "आपण नवीन लिहू. नीट सांगा. काय घालतात, काय बोलतात."

मी सांगत गेले. तोंड, हात, पोटऱ्या काळ्या. अंग गोरं. मान मागनं भेगाळल्याली, जाळीवानी. मेंढराचं बोलत्याल. हौसा म्हनून हाक मारत्याल. हे सांगताना वन्संनी तोंड तिकडं केलं. पोरीनं लिवलं, वन्संच्या मोबाईलचा नंबर टाकला, आन तिच्या संगं शिकनाऱ्या पोरींस्नी, दवाखान्यात काम करनाऱ्या बायांस्नी धाडलं.

ती रात आमी नदीकडच्या एका देवळाच्या वसरीत काडली.

पाटणच्या पुढं

सकाळी वन्संचा मोबाईल वाजला. तीच पोरगी. तिच्या वर्गातल्या एकीची मावशी पाटनच्या फुडं, कोयनंच्या रस्त्याला एका आश्रमात कामाला. निराधार म्हाताऱ्यांस्नी ठिवत्यात तितं. एक आजोबा हायती, मेंढराचंच बोलत्यात, नाव सांगत न्हाईत. "पण आज्जी," पोरगी म्हनली, "मावशी म्हणते ते गोरे आहेत. चांगले गोरे."

वन्संनी कपाळाला हात लावला. "आता झाला का गोरा! चार म्हयनं गोरा लिवलं तर काळा, आन काल काळा लिवलं तर गोरा!"

पोरगी तिकडनं म्हनली, "म्हणूनच जाऊन बघा. चार महिने सावलीत असतील तर रंग उतरतो. ऊन नसलं की कातडी छत्री मिटते."

आमी गेलो. पाटन सोडलं की डोंगर जवळ येत्यात. वरच्या पठारावर पवनचक्क्या फिरत्यात, पांढऱ्या, हळू. आमी जायाचो तवा ह्या नव्हत्या. ह्याच घाटात एका वळनावर माझी तान्ही लेक गेली. नऊ म्हयन्याची व्हती. घोड्यावर संसार बांधल्याला, त्यात टोपलीत ती. चैताचं ऊन. मी टोपलीवर लुगडं टाकल्यालं, ते वाऱ्यानं कवा उडालं कळलं न्हाई. ताप चढला. सांजंपातूर काय ऱ्हायलं न्हाई. मालकांनी त्या वळनावर दगड लावला. दर साली तितं आलं की आमी दोगंबी हिकडं तिकडं बगत जायाचो. औंदा एस्टी तितनं कवा गेली मला वळखू बी आलं न्हाई.

आश्रम रस्त्याच्या कडंला, पत्र्याचा, सोच्छ. भाईर झाडलोट केल्याली. तितली बाई, तिला समदी आक्का म्हनायची, तिनं वही काडून दावली. थंडीच्या दिसात रस्त्याच्या कडंला तापानं पडल्यालं गावलं, असं लिवल्यालं. आक्का म्हनली, "तेव्हा आम्ही पोलिसांना कळवलेलं. काळा रंग लिहिलेला. तुमचा कागद गोरा. म्हणून जुळलंच नाही. आता चार महिन्यांत आत बसून बसून असे झालेत."

तिनं आमाला आतल्या खोलीत नेलं. खिडकीला पडदा. खाटंवर एक म्हातारं बसल्यालं. डोस्कं भादरल्यालं, दाढी केल्याली, अंगात पांढरा सदरा आन लेंगा. तोंड मऊ, पिवळट-पांढरं, पेठंतल्या दुकानदारावानी. गालावर तांबूस डाग.

वन्सं दारातच थबकल्या. "ह्यो न्हवं," म्हनल्या. "वैनी, ह्यो न्हवं आपला."

खरं सांगती, मला बी वळखू आलं न्हाई. चाळीस वरसं ज्याच्यामागं चालले त्यो मानूस समोर, आन मी उबीच. हे तोंड मी कवा बगितलंच नव्हतं. उन्हानं जे तोंड केल्यालं तेच मला म्हाईत.

मी आक्काला म्हनलं, "जरा पाठमोरं करा त्यास्नी. सदरा वर करा."

आक्कानं सदरा वर केला. ती पाठ. डाव्या खांद्याखाली लांडग्याच्या वक्ताला कुऱ्हाड निसटून लागल्याली, त्याची रेघ. आन मान. तोंडाचा रंग उतरला व्हता पन मान मागनं तशीच काळी, भेगाळल्याली, सुकल्याल्या तळ्याच्या बुडावानी. आक्का म्हनली, "हे जात नाही. किती चोळलं. खोल गेलंय."

"जायाचं न्हाई," मी म्हनलं. "मी बी लय चोळलंय."

वन्सं रडाय लागल्या. "दादा! आरं दादा, हे काय केलंस रं! काळ्या, काय झालं रं तुझं!"

मालकांनी मान वळवली. "ठके," म्हनलं. "वरडतीस कशाला? मेंढरं बुजत्याल."

वन्संला वळखलं. साठ वरसामागची भन, आवाजावनं वळखली. माझ्याकडं बगितलं आन म्हनलं, "ह्या बाई कोनाच्या?"

वन्सं म्हनल्या, "आरं, ही तुझी बायकू!"

मालक हसलं. चांगलं, त्वांडभरून. "माझी बायकू? ठके, भाऊजय इसरलीस व्हय? माझी हौसा गोरी हाय. ह्या बाई बग की कशा रापल्याती."

आक्का पडदा नीट कराय लागली.

मी हाताकडं बगितलं. त्यात खोटं काय नव्हतं. लगनात मला समदी पिठावानी गोरी म्हनायची. पयल्या सालीच कोयनंपातूर जाऊन आले आन म्हायारी आईनं माझं त्वांड धरून उजेडात नेलं, बगितलं आन सोडलं. ते गोरं त्वांड मी बी इसरले व्हते. ह्या मानसाच्या डोस्क्यात तेवढं ऱ्हायलं व्हतं.

वन्संला पटना. "नीट बग दादा! हीच हौसा! उन्हानं झालीया अशी!" असं चारदा म्हनल्या तवा मालक बिथरलं. खाटंच्या कोपऱ्यात सरकलं, भिताड धरलं. "मी न्हाई येनार. घरी बायकू हाय माझी. मेंढरं घिऊन मागनं येतीया. परक्या बाईसंगं गेलो म्हनून तिच्या कानावर गेलं तर काय वाटंल तिला?"

आक्का म्हनली, "हे असं कालपर्यंत कुणाला म्हणाले नव्हते. एकदा घाबरले की दोन-दोन दिवस हलत नाहीत, जेवत नाहीत. तुम्ही हवं तर आठ दिवसांनी या."

आठ दिसांनी काय निराळं व्हनार व्हतं? माझं त्वांड काय आठ दिसात उतरनार व्हतं?

मी वन्संचा हात दाबला. म्हनलं, गप. मग मी खाटंपासनं चार हात लांब, खाली फरशीवर बसले. डोईवरला पदर पुढं वढला, परक्या बापयापुढं वढत्यात तसा.

"आवं," मी म्हनलं, "तुमच्या हौसानंच धाडलंय मला."

त्यांनी भितीवरला हात काडला.

"तिनं?"

"व्हय. तिचं पाय दुखत्यात. म्हनली, एवढं मालकास्नी घिऊन ये."

"बरी हाय का?"

"बरी हाय."

"लय चालती ती," मालक म्हनलं. "आन उन्हाचं डोईवर काय घेत बी न्हाई. सांगितलं तर आयकत न्हाई." आन खाटंखाली पाय सोडून चपला चाचपाय लागलं.

भाईर आल्यावर उन्हानं त्यांचं डोळं दिपलं. पापन्या मिटून उबं ऱ्हायलं, जसं खोलीतनं काडल्यालं कोकरू. मी माझ्या पदराची सावली त्यांच्या डोईवर धरली. ते जरा लांब सरकलं. परकी बाई. मग वन्संनी धरली.

घरी

एस्टीत मालक खिडकीला बसलं, वन्सं मधी, मी कडंला. कडेगावात तात्या स्टँडवर आल्यालं, त्यांनी मालकाकडं लय येळ बगितलं आन उसाची मोळी वर दिली.

घरी आलो तवा दिस कलला व्हता. मालकांनी घोंगडं उंबऱ्यात टाकलं आन आत शिरलं. सोपा बगितला. सैपाकाची खोली बगितली. मागं मोरीत वाकून बगितलं. माझ्या अंगावरनं दोन डाव गेलं.

"हौसा न्हाई हितं," म्हनलं.

"शेजारी गेली असंल. येईल. तुमी जेवा तवर."

मी चूल पेटवली. गरम भाकरी, खरडा, दूद. चांगलं जेवलं. अडीच भाकरी खाल्ली. मग हात धुतलं आन माझ्याकडं न बगता, परक्या बाईला सांगत्यात तसं लाजून म्हनलं, "बाई, एक भाकरी तिच्यासाटी झाकून ठिवा. ती दमून येईल."

मी ठिवली.

आता दोन म्हयनं झालं. दिसभर अंगनात बसत्यात, आन त्वांड परत काळं पडाय लागलंय. गावातली मानसं म्हनत्यात, आता कसं बिरूवानी दिसाय लागलं. माझं नाव कवा घेतलं तर त्या दुसरीचंच घेत्यात. रोज सांजंला एक भाकरी झाकून ठिवाय लावत्यात. मी ठिवती. ते आडवं झालं की ती मी खाती.